पोटातला कान

सगळ्यात आधी सांगून टाकतो, माझं आणि यंत्रांचं पटत नाही. माथेरानात मोटारींना बंदी होती तोवर आम्हा घोडेवाल्यांना मान होता. मग बॅटरीच्या रिक्षा आल्या. आता तर पाहुण्यांच्या बॅगासुद्धा डोक्यावरून उडत हॉटेलात जातात. वर बघावं तर दिवसभर नुसती भणभण. तरी लोक घोड्यावर बसतातच, कारण रिक्षात बसल्याचा फोटो बघून कोणी जळत नाही. तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

मी जानू ढेबे. वय बासष्ट. चाळीस वर्षं दस्तुरी नाक्यावर घोडं घेऊन उभा आहे. माझी घोडी शेवंती. चौदा वर्षांची, रंगानं तांबूस, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. ती जन्मली तीच माझ्या हातावर. तिची आई अडली होती, एकच पाय बाहेर आला होता, मी कोपरापर्यंत हात घालून हिला ओढून काढली. पुसून उभी केली तर पहिल्यांदा आईकडे नाही गेली, माझ्या गुडघ्याला तोंड लावलं. बोला आता.

तिला बोलवायची माझी एक पद्धत होती. जिभेनं टाळूला तीनदा टक् टक् टक् करायचं आणि म्हणायचं, "ये गं शेवंते!" नाक्यावर पन्नास घोडी असोत, धुक्यात हाताला हात दिसत नसो, तिची मान वर व्हायची. सगळे हसायचे. माझी बायको यमुना म्हणायची, "मला हाक मारलीत तर मी नाही हो एवढ्या पटकन येत."

यमुना जाऊन चार वर्षं झाली. मग राहिलो मी आणि शेवंती. मुलगी वैजयंता घोड्यांची डॉक्टर झाली, पुण्याकडे कुठल्याशा प्रयोगशाळेत असते. माझं आणि तिचं बोलणं जवळजवळ बंद होतं. कारण सांगतो. यमुनेचं दहावं झालं त्या दिवशी ही मला म्हणाली, "आबा, आता सकाळी घोडीला पेंडीभर गवत तुम्ही देत जा." माझं डोकंच फिरलं. आईची राख अजून गार झाली नाही आणि ही पोर मला घोडा पाळायला शिकवते! मी म्हटलं, "तुझी पुस्तकं तुझ्यापाशी ठेव." ती दुसऱ्या दिवशी गेली.

ह्यात एक गोष्ट समजून घ्या. आमच्या घराचा नियम होता, पहिली फेरी रिकाम्या पोटी. पाहुणा उतरला, घोड्याचा घाम वाळला, की मगच तोंडाला तोबरा. माझ्या वडलांनी एकदा हरभरा खाल्लेल्या घोड्याला लगेच चढाला लावलं होतं. वाटेतच आतडं पिळलं त्याचं. दुपारपर्यंत लोळला, ओरडला आणि गेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वडील त्या घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून रडले आणि मला म्हणाले, जान्या, भरल्या पोटी घोडं चालवायचं नाही. मी तो शब्द कधी मोडला नाही. पहाटे उठायचो, हाक मारायचो, खरारा करायचो, खोगीर चढवायचो आणि अकरा-बारापर्यंत तिच्या तोंडात काडी जाऊ द्यायचो नाही. मायेनंच करत होतो, दुसऱ्या कशानं नाही.

दिवाळीची गर्दी ओसरली आणि शेवंतीनं खाणं सोडलं. आधी चंदी सोडली. भिजवलेला हरभरा समोर ठेवला की वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मग गवतही. चार घास खायची, थांबायची, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत राहायची. दात करकरा खायची. कातडीचा तजेला गेला, बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी गूळ दिला, ओवा दिला, गाजरं दिली, तिच्यापुढं बसून हात जोडले. काही नाही.

शेजारच्या तबेल्यातले गनीभाई माझ्या बरोबरीचे. ते दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "जानूदा, लेकीला बोलव. भांडण नंतर कर, घोडी नंतर मिळणार नाही."

मी फोन केला. "शेवंती खात नाही," एवढंच म्हणालो. तिनंही दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन दारात हजर.

पहिल्यांदा नाकातून लांब नळी घातली आणि पडद्यावर मला शेवंतीचं पोट दाखवलं. वरच्या भागात लालभडक चट्टे, काही ठिकाणी खड्डेच पडलेले. मी म्हटलं, "हे काय गं?"

"जखमा आहेत, आबा. अल्सर."

मग तिनं समजावलं. तिचं एक बरं आहे, समजावताना आव आणत नाही. माणसाच्या पोटात आम्ल येतं ते बहुतेक खाण्याच्या वेळेला. घोड्याचं तसं नाही. तो दिवसाचे सोळा तास चरणारा प्राणी, म्हणून त्याच्या पोटात आम्ल चोवीस तास झिरपतच असतं, खावो न खावो. त्याला मारणारी लाळ मात्र सुटते ती फक्त चावताना. पोटाचा खालचा अर्धा भाग आतून बुळबुळीत असतो, त्याला आम्ल बाधत नाही. वरचा अर्धा उघडा. पोटात गवत असेल तर ते आम्लावर गादीसारखं पसरतं आणि त्याला खाली दाबून ठेवतं. पोट रिकामं असेल आणि घोडा धावला, की आम्ल वर उसळतं आणि त्या उघड्या भागाला भाजतं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली आणि नळी पुसायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

मी म्हटलं, "मग भरल्या पोटी आतडं पिळतं ते काय खोटं? माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"खोटं नाही. आजोबांचं अर्धं बरोबर होतं. दाणा देऊन चढाला लावायचं नाही. पण गवत द्यायला हवं होतं. पेंडीभर."

तिनं आम्ल थांबवणारं औषध सुरू केलं. महिनाभरात जखमा भरत आल्या, नळीतून मी पाहिलं. पण भूक परत आली नाही. वैजू चक्रावली. मग तिनं पिशवीतून ते यंत्र काढलं. आवळ्याएवढी गोळी. घोड्यानं गिळायची, ती दोन महिने पोटात राहते आणि आतलं आम्ल मोजत बसते. सोबत एक पट्टा, गळ्याला बांधायचा. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस जाते, मानेतून. मेंदू पोटाला काय सांगतो आणि पोट मेंदूला काय सांगतं, ते तो पट्टा ऐकतो. तिच्या प्रयोगशाळेत त्याला कसलंसं इंग्रजी नाव होतं. मी म्हटलं, "म्हणजे पोटातला कान." ती हसली. चार वर्षांनी माझ्यापुढं हसली.

आठवडाभर ती मोबाइलवर एक हिरवी रेघ बघत राहिली. रेघ वर गेली की पोट जळतंय, खाली आली की शांत. आठव्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "आबा, बसा जरा."

"उभ्यानं सांग."

"रोज सकाळी साडेपाचला रेघ वर जाते. औषध चालू असताना. पोट आवळतं, आम्ल सुटतं, भूक मरते. तुमच्या हाकेला जाते, आबा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी असा भडकलो म्हणून सांगू. म्हटलं, "तुला लाज वाटते का गं? माझ्या हाकेला ती नाचत येते! तुझं ते भंगार यंत्र मला सांगणार होय, माझी घोडी मला भिते म्हणून?" तिच्या हातातला मोबाइल मी हिसकावून घेतला. फेकणारच होतो.

"फेका," ती म्हणाली. "पण आधी बघा."

गनीभाईंना बोलावलं. शेवंतीला अंगणात बांधलं, पुढं गवत टाकलं. गनीभाईंनी तबेल्यामागून हाक मारली. तिनं एक कान हलवला. रेघ होती तिथंच. वैजूनं हाक मारली. रेघ तिथंच. मग मी तबेल्यामागं गेलो, मोबाइल हातात धरला, टक् टक् टक् केलं आणि म्हणालो, "ये गं शेवंते!"

भिंतीपलीकडं ती खिंकाळली. दावं ताणलं तिनं माझ्याकडं यायला, खुंटा हलल्याचा आवाज मी ऐकला. आणि माझ्या हातात ती हिरवी रेघ सरसर वर चढत गेली.

मी परत मारली हाक. परत तेच. तिसऱ्यांदा मारायची माझी छाती झाली नाही.

वैजू माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकली. हळूच म्हणाली, "तिला तुम्ही आवडता. ते खोटं नाही. पण सकाळी तुमची हाक आली की पुढं सहा तास उपास आणि आग, हे तिच्या पोटानं शिकून ठेवलंय. ते तिला ठाऊकही नाही. तुम्ही आलात की तिला आनंद होतो आणि त्याच क्षणी पोट जळतं. खाणार कशी?"

"मग इतकी वर्षं कशी खात होती? आत्ताच काय झालं?"

वैजूनं तोंड फिरवलं. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं. "बोल ना!"

"आई द्यायची," ती म्हणाली. "तुम्ही चूल पेटवून चहा प्यायला बसायचात ना, तेव्हा. मागच्या दारानं. पदराखाली पेंडी घेऊन जायची. मी लहान असताना मला वाटेवर उभी करायची, आबा येतात का बघ म्हणून. आई होती तोवर सकाळी तिच्या पोटात गवत असायचं, आबा. आई गेली आणि ते बंद झालं. चार वर्षं साचत आलंय ते."

यमुनेला मी एकदा पकडलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, शेवंतीच्या आईला गवत घालताना. तेव्हा मी तिला सगळ्या तबेल्यांपुढं ओरडलो होतो, "घोडीला मारायचंय का तुला?" तिनं पेंडी उचलून नेली होती. मला वाटलं, ऐकलं तिनं. पंचवीस वर्षं ती लपून गवत घालत होती आणि मी नाक्यावर छाती काढून सांगत होतो, बघा, रिकाम्या पोटी पळते, काही होत नाही माझ्या घोडीला.

"दहाव्याला का नाही सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या आबांना वाटेल मी त्यांच्या वडलांचा शब्द मोडला."

मी तिथंच खाली बसलो. रडलो. लपवायचं काय त्यात?

मी म्हटलं, ठीक आहे, मी जातो लांब. खाली नेरळला पुतण्याकडं जाऊन राहिलो. आठ दिवस. वैजू रोज फोन करायची, आणि रोज तिचा आवाज आणखी खोल जायचा. शेवंती दारात वाटेकडं तोंड करून उभी राहायची. कोणाचंही पाऊल वाजलं की कान टवकारायची, मीच आलो म्हणून. प्रत्येक पावलाला रेघ वर. आता तर दिवसभरच. पाण्याच्या बादलीकडंही जाईना.

आठव्या दिवशी मी परत आलो. ती इतकी वाळली होती की गळ्यातला पट्टा दोन भोकं आत ओढला होता.

"आणखी दोन आठवडे," वैजू म्हणाली. "तेवढ्यात खायला लागली नाही तर पुढं माझ्या हातात काही नाही."

"काहीच नाही?"

"एक आहे. प्रयोगशाळेत चार घोड्यांवर केलंय. पण ते मी तुम्हाला सांगू की नको, हेच मला कळत नाहीये."

"सांग."

अंगणात बसून तिनं सांगितलं. आपण समजतो आठवण एकदा कोरली की कोरली. तसं नसतं. प्रत्येक वेळी आठवण जागी झाली की ती थोडा वेळ ओली होते, नव्यानं सारवलेल्या जमिनीसारखी, आणि मग पुन्हा सुकते. ओली असताना बोट उमटलं तर उमटलंच. माझी हाक ऐकून शेवंतीची आठवण ओली होईल. नेमक्या त्या वेळी पट्टा मानेतल्या नसेला हलके ठोके देईल, आणि त्याच वेळी तिच्या तोंडात गवत असेल. पुन्हा पुन्हा केलं की आठवण सुकताना पुसट होत जाईल. हाकेचा आणि आगीचा संबंध तुटेल.

"मग करू की! त्यात एवढं काय?"

"नुसती आग नाही पुसली जाणार, आबा. हाकच पुसली जाईल. तुमचा आवाज, तुमच्या पावलांचा आवाज, तुमचा वास. सगळं एकाच मोळीत बांधलेलं आहे."

"निवडता नाही येत? तांदळातले खडे काढतो तसं?"

"अजून तरी नाही येत."

मी शेवंतीकडं बघितलं. ती आमच्याकडंच बघत होती.

"म्हणजे ती मला ओळखणार नाही."

"नाही."

"आणि हाका मारायच्या कोणी?"

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हीच. रेकॉर्ड केलेल्या हाकेनं आठवण जागी होत नाही. आम्ही करून पाहिलंय."

मला हसू आलं, खरं सांगतो. वेड्यासारखं. चौदा वर्षं जिला हाक मारली, तिला आता हाक मारमारून मलाच विसरायला लावायचं!

"नंतर नव्यानं ओळख करता येईल?" मी विचारलं.

"सहा महिने समोर यायचं नाही. नंतर आलात तरी परक्या माणसासारखं यायचं. आणि हाक कधीच मारायची नाही. जुनी वाट पुन्हा उघडू शकते." मग म्हणाली, "खाली कर्जतजवळ आमचं कुरण आहे. मी तिला तिथं नेईन. तिथं चौदा घोडी आहेत, दिवसभर चरतात. खोगीर नाही, फेऱ्या नाहीत."

मी म्हटलं, "कर सुरू."

पहिल्या दिवशी वीस हाका मारायच्या होत्या. शेवंतीपुढं गवताची पेंडी, वैजू तिच्या मानेपाशी, मी तबेल्यामागं जांभळीखाली. टक् टक् टक्, ये गं शेवंते. टक् टक् टक्, ये गं शेवंते. वीस झाल्या. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी वीस. काही फरक नाही. शेवंती एक घास घ्यायची आणि सोडून द्यायची.

तिसऱ्या दिवशी वैजू तबेल्यामागं आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. थेट यमुनाच. "आबा, साठ हाका मारल्यात. त्यातली एकही खरी नव्हती."

"म्हणजे काय? घसा बसला माझा!"

"रेघ वर जातच नाहीये. म्हणजे आठवण जागीच होत नाही. तुम्ही रेशनच्या दुकानात नाव पुकारतात तशी हाक मारता. तिलाही कळतंय की ही तुमची हाक नव्हे."

मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते सांगत नाही, बापानं लेकीला बोलू नये असं बोललो. पण बोलताना मला ठाऊक होतं, पोर खरं सांगते आहे. मी राखून मारत होतो. म्हटलं, चार हाका अशाच जाऊ दे. कोपऱ्यात थोडी माझी आठवण राहू दे तिच्याकडं. एवढीशी. कोणाचं काय बिघडतंय?

कोणाचं बिघडत होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. शेवंती आडवी पडली होती. पाय झाडत होती, मान वळवून कुशीला चावायला बघत होती. मी नऊ वर्षांचा असताना जे पाहिलं होतं, तेच. वैजू आणि गनीभाईंनी तिला उठवलं, वैजूनं सुई दिली, दोन तास फिरवली. मी लांब उभा. जवळ जायचीसुद्धा सोय नव्हती मला. मी गेलो असतो तर तिला आनंद झाला असता आणि पोट आणखी पेटलं असतं.

ती शांत झाली, तसा मी जांभळीखाली गेलो. डोळे मिटले. ती जन्मली तो दिवस आठवला, गुडघ्याला लागलेलं तिचं ओलं तोंड आठवलं. धुक्यात हरवलो होतो तेव्हा तिनंच मला घरी आणलं ते आठवलं. यमुना गेली त्या दिवशी घरात माणसांची गर्दी झाली होती, मी तबेल्यात येऊन हिच्या मानेत तोंड खुपसून उभा होतो आणि ही खूर न हलवता उभी राहिली, ते आठवलं. आणि मग मी हाक मारली. आतड्यापासून मारली.

"टक् टक् टक्. ये गं शेवंते!"

भिंतीपलीकडं ती खिंकाळली. वैजू ओरडली, "आली! रेघ आली, आबा! मारा!"

मग मी मारतच राहिलो.

त्या दिवशी ती प्रत्येक हाकेला खिंकाळली. दुसऱ्या दिवशी खिंकाळली नाही, पण मान वर केली, वैजूनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मान वर झाली ती उशिरानं, काहीतरी आठवल्यासारखी. त्या दिवशी तिनं अर्धी पेंडी खाल्ली. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि घरी जाऊन मी जेवलो नाही. वैजूनं भाकरी वाढली, मी ताट सरकवलं, तर ती म्हणाली, "आता तुम्हाला पण गोळी गिळायला लावू का?" मग दोघांनी एका ताटात खाल्लं.

पाचव्या-सहाव्या दिवशी नुसते कान वळायचे. मी वैजूला सांगून भिंतीत एक वीट काढायला लावली होती, वारा तिच्याकडून माझ्याकडं येईल अशा बाजूला. तिथून दिसायचं. दोन्ही कान. मग एकच, डावा. मग डावाही अर्धवट, माशी बसल्यावर हलतो तेवढा. पेंडी मात्र रोज संपत होती. चंदीलाही तोंड लावू लागली. वजन चढलं. वैजू मला आकडे सांगायची. मी म्हणायचो, "वा." आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसायचो.

एका सकाळी गनीभाई आले. म्हणाले, "जानूदा, मी तर म्हणतो थांब इथं. खातेय ना आता? तो एक कान राहू दे तुझ्यासाठी."

माझ्या मनातलंच बोलले. मी वैजूकडं बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर थांबते, आबा. पण जो कान वळतो ना, त्याच्यामागं रेघही थोडी वळते. आज थोडी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा वर जाईल."

गनीभाई माझा हात दाबून निघून गेले.

अकराव्या दिवशी शेवटची तपासणी होती. त्यानंतर घोडी खाली न्यायची होती. वैजू म्हणाली, "एकच हाक. पण पूर्वीची. नाक्यावर मारायचात तशी."

सकाळची साडेपाचची वेळ. माझी आणि शेवंतीची रोजची वेळ. मी भिंतीमागं उभा राहिलो. विटेच्या भोकातून ती दिसत होती. कातडीवर पुन्हा तकाकी आली होती, बरगड्या बुजल्या होत्या. पुढ्यात गवत.

मी जिभेनं टाळूला तीनदा वाजवलं.

"ये गं शेवंते!"

माझा आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत आला. झाडावरचं माकड दचकून पळालं. गनीभाईंची घोडी बुजली.

शेवंतीनं मान वर केली नाही. डावा कान हलला नाही, उजवा हलला नाही. ती खात होती.

वैजू भिंतीआडून आली. मोबाइल माझ्यापुढं धरला. रेघ सरळ होती. "झालं, आबा," ती म्हणाली आणि माझ्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिलो.

"पेंडी संपेपर्यंत बसू दे मला इथं," मी म्हणालो.

ती मला तिथं सोडून शेवंतीकडं गेली. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. पलीकडून चावण्याचा आवाज येत होता. कुरूम कुरूम, मधेच एक फुरफुर, पुन्हा कुरूम कुरूम. मी आयुष्यभर घोड्यांत काढलं, पण सकाळच्या वेळी, पहिल्या फेरीआधी, माझी घोडी खाताना कशी वाजते ते मी कधी ऐकलं नव्हतं. यमुना हा आवाज रोज ऐकत होती. आणि मी पलीकडे चुलीपाशी चहा पीत होतो.